काळ्या-पांढऱ्या कापडाचं माप

प्रिय आई,

इथे अक्रा शहरात मी लोकांना मनातली भीती काढायला शिकवते, आणि आज सकाळपासून मीच खोलीत येरझाऱ्या घालतेय.

सुरुवातीला माझ्या वर्गाला सातच माणसं यायची. एक बाई तोंडावर म्हणाली, "तू आम्हाला काय शिकवणार? तुझं स्वतःचं असं काय गेलंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई गेली." सगळे रडले. पुढच्या आठवड्यात खुर्च्या पुरल्या नाहीत. मग मी तू गेल्याची दहा वर्षांपूर्वीची तारीखही ठोकून दिली.

आपल्या लोकांना मृत्यूची तारीख कळली की ते ती रिकामी जाऊ देत नाहीत, हे मी विसरले. या रविवारी माझे शिष्य तुझा दहावा स्मृतिदिन करताहेत. सगळ्यांनी स्मृतिदिनाला घालतात ते एकसारखं काळं-पांढरं कापड शिवायला टाकलंय. चौकातल्या फलकासाठी त्यांनी तुझा फोटो मागितला. मी दिला, आई. आपल्या टेचिमन गावच्या बाजारात टोमॅटोच्या टोपल्यांपाशी तू हसतेयस, तो.

काल तुझा फोन आला. शेजारणीच्या मोबाइलवर तू ते कापड पाहिलं होतंस.

"सुरेख आहे गं. कुणाच्या नावाने आहे?"

"ओळखीतली एक बाई होती."

"बिचारी. पोरंबाळं आहेत का तिला?"

"एक मुलगी आहे."

"मग त्या पोरीला एकटं सोडू नकोस. मलाही तेच कापड शिवून ठेव, मी येते रविवारी."

शिंपी मघापासून दारात उभा आहे. तुझं माप विचारतोय.

ती एक मुलगी,
सेरवा