सुईवरचा भार

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचा! दुकान कायमचं बंद केल्यापासून इतक्या खुशीत मी कुठेच गेलो नव्हतो. वहिनींनी माडीवरची खोली झाडून, दाराला नवा रंग देऊन तयार ठेवली आहे. खिडकीला गज आहेत, जमीन फळ्यांची, पण उजेड भरपूर. दादाला जाऊन सात महिने झाले. बारा वर्षं आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नव्हतो. कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं क्षुल्लक. मधल्या काळात वहिनींची तीन पत्रं आली, मी ताठ्यात एकही फोडलं नाही. तरी त्यांनीच बोलावलं. म्हणाल्या, भाऊजी, चाळीस वर्षं लोकांचे रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त केलेत, आता घरचा बघा, हवे तितके दिवस राहा. माझ्यासारख्या खडूस माणसाला असं कोण बोलावतं?

४ तारीख, मंगळवार
प्लेयर बैठकीच्या खोलीत, बरोबर माझ्या पायाखाली. पंधरा तबकड्या. वहिनी रोज दुपारी जेवणानंतर एक लावतात. ऐकवत नाही. नुसती खरखर, मधूनच सूर घुसमटतो. त्यांच्या मते तबकड्याच वाईट निघाल्या. सगळी गिऱ्हाइकं हेच म्हणतात. दोष तबकडीचा, आपण धुतल्या तांदळासारखे. आधी पंधराही तबकड्या मऊ फडक्यानं धुऊन पुसल्या. मग पाणसळ ठेवून प्लेयर सपाट बसवला, पट्टा बदलला. डगमगणारा सूर सरळ झाला, खरखर मात्र जशीच्या तशी.
संध्याकाळी वहिनी हसत म्हणाल्या, वर जरा हलक्या पायानं चाला, खाली सुईला हादरे बसतात.

६ तारीख, गुरुवार
चोर सापडला. सुईच्या दांड्यावर, पुढच्या टोकाला, चिकटपट्टीनं पितळी बटण बसवलंय. दादाच्या कोटाचं बटण. सुई उडू नये म्हणून लोक असले उद्योग करतात. भार दोन ग्रॅम हवा, इथे सात! सुई झिजून तिचा खिळा झालाय आणि तिनं तबकड्यांच्या खाचा नांगरून ठेवल्यात. बटण काढून वहिनींच्या हातात दिलं आणि विचारलं, इतकी का उडायची? म्हणाल्या, घर जुनं आहे, हादरे बसायचे. कुठून, असं विचारेपर्यंत बटण खणात टाकून त्या आत गेल्याही.
माझ्या पेटीत एक कोरी सुई आहे. ती बसवतो.

८ तारीख, शनिवार
नवी सुई बसवली, भार मोजून दोन ग्रॅम. हिचं टोक बारीक, खाचेच्या तळापर्यंत जातं. खरखर निम्म्यावर आली. पण गाण्याखाली ठोके ऐकू येतात. तीन. थांबून पुन्हा तीन.
सुईवर एवढा भार असताना घर हादरलं, तर खाचेत ओरखडा राहू शकतो, हे मला पटतं. पण एका तबकडीत नाही, सहा वाजवल्या, सहांतही तेच.
वर आलो. दाराला कडी फक्त बाहेरून आहे. पाच दिवस इथे राहतोय आणि हे मला दिसलं नाही! आतल्या बाजूला, नव्या रंगाखाली, कमरेइतक्या उंचीवर लाकूड चेचलंय.

९ तारीख, रविवार
वहिनी बाहेर गेल्या होत्या. पंधराही ऐकल्या. ठोक्यांच्या जोराप्रमाणे ओळीनं मांडल्या, जोरकस आधी, क्षीण शेवटी. पंधरावीत ठोके नाहीतच, नुसती नखं. आणि आवाज. माणसाचा आवाज असा खाचेत उतरत नाही, उतरूच शकत नाही. तरी दादाचाच आहे. धाकट्या, दार उघड. मला धाकट्या म्हणणारा तो एकटाच.
पत्रं पेटीच्या तळाशी होती. आज फोडली. वहिनींनी लिहिलंय: यांना विसर पडत चाललाय. घर सोडून भटकतात. मला ओळखत नाहीत, दिवसभर धाकट्याला हाका मारतात, एकदा येऊन जा. तिसऱ्यात एकच ओळ: मी एकटीनं काय करू ते तुम्हीच सांगा.
कडी त्यांनी घातली. मी बारा वर्षं काय केलं? स्वतःची किळस येते. आणि त्यांची भीती वाटते.

१० तारीख, सोमवार
मी गाढव आहे. गुपचूप गाडी पकडायची होती. पण बिघाड सापडला की गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायचा, ही जन्माची खोड. वहिनींना समोर बसवून पंधरावी लावली. त्या हलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, भाऊजी, मी हे आठ वर्षं ऐकलं, तुम्ही दोन दिवस ऐकलंत. मग म्हणाल्या, चेहरा उतरलाय तुमचा, वर जाऊन पडा, दूध आणते.
उद्या पहाटेच निघतो. दूध प्यायलो, डोळे मिटतायत —

११ तारीख
जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर. दार उघडत नाही.
हाका मारल्या. खाली ताटं वाजली. खिडकीतून ओरडलो, पण समोर शेजारच्या घराची बिनखिडक्यांची भिंत —

दुपारी
तबकडी लावली त्यांनी. सुईवर दोनच ग्रॅम आहेत, मीच ठेवलेत. पाय आपटला की उडणार. गाणं सारखं तुटलं तर वैतागून तरी वर येतील.
आपटला. उडाली!
परत लावली. आपटला. उडाली.
गाणं थांबलं. खण उघडला. चिकटपट्टी फाडल्याचा —
आपटतोय. खुर्ची आपटली. पलंग —
उडत नाही.

आता दारावर. तीन. थांबून तीन. जोरानं मारायला हवं. पुढे कधी कुणी दुरुस्तीला आला, नवी सुई बसवली, तर त्याला — हलकं मारून चालणार नाही, हलकं मारलं तर खाचेत काही राह