मोरीतला हात

माय, आज सकाळी आमची मोरी तुंबली. भांडी घासून झाली आणि खरकटं पाणी घोट्यापर्यंत उभं राहिलं. लांब स्प्रिंग घेऊन एक माणूस आला, दहा मिनिटांत केसांचा चिकट गोळा ओढून काढला, हात धुवायला साबण मागितला आणि गेला. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तुला जाऊन बारा वर्षं झाली.

शहापूरच्या घरी मी अकरा वर्षांची आहे. शाळेत गॅदरिंग आहे आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायला बाईंनी मला निवडलंय. इस्त्रीचा गणवेश घालून मी दारात उभी, तर तू मोरीपाशी बसून हाक मारतेस. "हात बारीक हाय तुया. टाक आत."

"माय, शाळेतून आल्यावर काढीन."

"तोवर घान उभी ठेवू का घरात? अन् कायले रडून राहिली? सासरी तुया बाप येईन का काढाले?"

मी खांद्यापर्यंत हात घातला. कुजलेला भात, पेजेचा बुळबुळीत थर, केस. तीनदा साबण लावला तरी वास गेला नाही. शाळेत बाई जवळ आल्या, नाकाला पदर लावला आणि गुच्छ दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. संध्याकाळी मी तुला हे सांगितलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बरं झालं. लय मिरवून राहिली होती." आणि हसलीस. वासाचं मी कधीच विसरले असते. ते हसणं मात्र जपून ठेवलं.

मग तुझं वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, उजवा हात लुळा पडला आणि तू भंडाऱ्याला माझ्याकडे राहायला आलीस. तुझे जावई कामावर गेले की घरात आपण दोघीच. थंडीचे दिवस होते. आदल्या दिवशी मी वडे तळले होते आणि कढईत उरलेलं डालड्याचं तूप मोरीत ओतलं होतं. सकाळी पाणी तुंबलं तेव्हा ते आत गोठलंय हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी तुझ्यापुढे येऊन उभी राहिले.

"किती भात फेकतं मोरीत?"

"म्या नाई फेकला, पोरी. चावत नाई, पन फेकत नाई."

"मग कोनं फेकला? टाक हात. काढ."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं होतं, शिव्या देशील. मी त्याचीच वाट बघत होते. तू भिंतीला धरत खाली बसलीस, बांगड्या कोपराकडे सारल्यास आणि डावा हात आत घातलास. फुटक्या फरशीच्या काठानं मनगट सोललं. पांढऱ्या तुपाचे गोळे तू बोटांनी ओढून काढत होतीस. ते भाताचे नाहीत, हे तुझ्या बोटांना कळलंच असेल. मी दाराला टेकून उभी होते. मला बरं वाटत होतं, माय. पोटभर जेवल्यासारखं.

पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. तिसऱ्या दिवशी बायका म्हणाल्या, लेकीनं लय केलं. मी डोळ्यांना पदर लावला.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, घडी करून चुलीत घालीन. पण एक लिहून ठेवते. त्या सकाळी थोड्याच वेळात मोरी मोकळी झाली, पाणी गळगळ करत निघून गेलं. ऐकूही तुला कमीच यायचं. तू मान वळवून विचारलंस, "गेलं का पानी?"

मी म्हणाले, "नाई अजून."