किड्यांच्या खोलीतली बंदूक

अल्तियारिक,
३ मे १९८३

चि. नफीसाजान हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत मी त्याच्या हातातून ओढलं. म्हणाला, होसियतबीबी, पत्र घ्या, बोटं राहू द्या. माझं वाचन कसं ते तुला ठाऊक आहे. एक बोट ओळीवर, ओठ हलताहेत, आणि शेळी दोरी सोडवून कोबीत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसती अक्षरं लागली, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की हसायचं कुठे होतं.

म्हणजे साळुंक्या तिथेही! मला वाटायचं त्या मेल्या फक्त माझ्या चेरीवर टपून जन्माला आल्यात. फांदीवरची लाल तेवढी टोचायची, हिरवी आमच्यासाठी ठेवायची. पण खिडकीतून घरात शिरून रेशमाचे किडे उचलायचे, हा दरोडाच झाला बाई. आणि चिमण्या त्यांच्यामागून, लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यांसारख्या. व्याहीबुवांनी छऱ्याची बंदूक काढली हे बरंच केलं. पण साळुंकी राहिली बाजूला आणि छरा शेजाऱ्याच्या चहाच्या समोवाराला लागला, हे वाचून मी एवढी हसले की जाऊबाई भिंतीपलीकडून विचारू लागल्या, कोणाला मुलगा झाला.

पोरी, तू का गप्प बसलीस? तुझा नेम माझा नेम आहे. मांडीवर उशी ठेवून, त्यावर नळी टेकवून मी तुला शिकवलंय. नवी सून म्हणून लाजू नकोस, सासूबाईंना विचार आणि घे. मात्र पूर्वीचे नियम तेच. मागे मातीची भिंत असल्याशिवाय घोडा दाबायचा नाही. पाकोळीला आणि होल्याला हात लावायचा नाही, आपल्या वाशाला घरटं बांधणारं पाखरू पाहुणं असतं. साळुंकीला जवळ येऊ द्यायचं. लांबून मारलेल्या छऱ्याने ती मरत नाही, लंगडी होते, आणि लंगड्या पाखराचा तळतळाट लागतो.

आणि बंदूक नेम चुकवते ती गंजामुळे. तुझे आजोबा रॉकेलची चिंधी नळीतून फिरवायचे, बाहेरूनही पुसायचे. तू म्हणतेस किड्यांची खोली ऊबदार, दमट असते, तर सकाळ-संध्याकाळ पूस. माझं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

तुमच्या गावात नव्या सुनेचे पाय पहिल्या वसंताच्या कोशांवरून ओळखतात म्हणे. आमच्याकडे पाय बघतात ते जोड्याचं माप घ्यायला! मला रेशमातलं ओ की ठो कळत नाही, मी आपली तुतीची फळं खाणारी. पण तुझ्या पायांची मला खात्री आहे, मीच त्यांना मेंदी लावली होती.

शेळीने कोबी संपवली. लोभ वाढव, म्हणजे मला हसायला आणखी पत्रं येतील.

तुझी,
होसियत आजी


शहरीखान,
११ मे १९८३

ती. आजीस नफीसाचा सलाम. वि. वि.

आजी, मी केलं! सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला नको, त्यांना विचार. मामंजी आधी मिशीत हसले. मग म्हणाले, घे, समोवार आता गळतोच आहे. मी बंदूक नीट पुसली, खिडकीसमोर अंगणाच्या भिंतीवर टरबुजाची साल ठेवली आणि उशी घेऊन बसले. साळुंकी सालीवर उतरली तशी पडली. मामंजींनी मिशी पिळली, आणि त्याच संध्याकाळी चहाखान्यात सांगून आले की आमची सून पलटणीत भरती करण्यासारखी आहे. आता पाखरं खिडकीकडे फिरकत नाहीत. बंदूक मी खोलीतच, पाल्याच्या ढिगाशेजारी ठेवते. तू सांगितलंस तशी दोन वेळा रॉकेलने पुसते आणि मग किड्यांना पाला घालते.

तुला ही खोली बघायला हवी. घरातली सगळ्यात चांगली खोली त्यांची. आम्ही सगळे बाहेर तुतीखाली झोपतो. माझ्या लग्नाच्या सुझनी, त्या भरतकामाच्या चादरीसुद्धा, गुंडाळून ठेवल्यात. किडे आता करंगळीएवढे झालेत आणि पाला खाताना पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. इथे कांदा परतायचा नाही, अत्तर लावायचं नाही, नस, म्हणजे ती तंबाखूची पूड, खाणाऱ्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाई आत हळू बोलतात, बोटांच्या टोकांनी किडे चाचपून कोण भुकेलं ते सांगतात. आठ-दहा दिवसांत ते कोश विणायला काड्यांवर चढतील.

फक्त आत्याबाई, म्हणजे मामंजींची बहीण, रोज दारात येऊन बसतात. बोतिरचं लग्न झालं आणि तो उत्तरेला रेल्वे बांधायला गेला, आता बघू या सून काय घेऊन आलीय, असं मला ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणतात. गेल्या वर्षी कोश कमी भरले, मामंजींना कोलखोजच्या, सामुदायिक शेतीच्या, सभेत सगळ्यांसमोर उभं केलं होतं. या वर्षी ते लग्नातच बोलून बसलेत की ही सून कोश घेऊन येणार. आजी, तेवढे कोश नीट उतरू देत. मग मला या घरात कोणी काही म्हणणार नाही.

बोतिरचं पत्र आलं. तिथे अजून बर्फ आहे. तुझ्या चेरीची आठवण काढतो.

तुझ्या मायेची भुकेली,
नफीसा


शहरीखान,
१६ मे १९८३

ती. आजीस सलाम.

किडे मरताहेत. परवा खिडकीजवळच्या सुपांत सुरू झालं. डोकी वर करून हलवतात, तोंडातून हिरवं पाणी काढतात आणि आखडून पडतात. काल मधली सुपं. पावसासारखा आवाज होता तो थांबला आहे.

मी काहीच चुकीचं केलं नाही, आजी. कांदा नाही, अत्तर नाही, अंगाला साबणसुद्धा नाही. पाला मी स्वतः पुसून घालत होते. कोलखोजचा माणूस आला, त्याने आजार ओळखीचा नाही म्हणून मान हलवली. आत्याबाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, पांढऱ्या पायाची आणलीत, भोगा. मामंजींनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

सासूबाई मेलेले किडे सुपातून काढतात आणि पुरतात. मला त्यांनी खोलीत यायला मनाई केली आहे.

काय करू ते सांग.

नफीसा


अल्तियारिक,
१७ मे १९८३

चि. नफीसाजान हिला आजीचे मूठ-मूठ आशीर्वाद. वि. वि.

तुझं अकरा तारखेचं पत्र आलं आणि मी ते सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. जाऊबाई माहेरी मार्गिलानला गेल्यात म्हणून त्या राहिल्या, त्या आल्या की त्यांनाही ऐकवणार. नानवाला म्हणाला, होसियतबीबी, आता व्याह्यांना सांगा, सून बंदुकीसकट आणलीत तर हुंड्यात एक छऱ्यांचा डबा कमी पडला. मी म्हटलं, तू तुझा तंदूर सांभाळ!

पलटणीत भरती करण्यासारखी! मी हे वाक्य म्हणून म्हणून पाठ केलंय. तुझे आजोबा असते तर त्यांनी टोपी हवेत उडवली असती, आणि ती चेरीत अडकली असती, आणि मलाच चढावं लागलं असतं.

चेरी पिकली. एक डबा बांधून ठेवलाय, बसचा ड्रायव्हर ओळखीचा मिळाला की पाठवते. अर्धी तुझी, अर्धी आत्याबाईंची. तोंड गोड झालं की जीभ नरम येते. रॉकेलने पुसतेस हे वाचून बरं वाटलं, म्हातारीचं एवढं तरी कोणी ऐकतं.

लोभ ऊतू जाऊ दे, भांडं मी धरते.

तुझी,
होसियत आजी


अल्तियारिक,
२३ मे १९८३

सौ. विहीणबाई अंझिरतखान यांस होसियतचा सलाम. वि. वि.

मला चांगलं लिहिता येत नाही. शाळेत गेले ती मोठेपणी, लाल रुमालवाली बाई कोलखोजात अक्षरं शिकवायला यायची तेव्हा, आणि तेव्हाही मांडीवर मूल होतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा नफीसाचं पत्र मिळालं. माझ्या जाऊबाई मार्गिलानच्या, किड्यांच्या घरातल्या. त्या कालच माहेराहून परतल्या. मी त्यांना पोरीची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. बंदूक रॉकेलने पुसून मग पाला घालते, इथपर्यंत आले आणि जाऊबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, रॉकेल? किड्यांच्या खोलीत? पाल्याच्या हातांना? अगं, त्याच्या वासानेसुद्धा ते मरतात.

विहीणबाई, ते मी सांगितलं होतं. पोरीने आपल्या मनाने काही केलेलं नाही. साळुंक्या मारायला बंदूक नीट हवी म्हणून मी लिहिलं, दोनदा पूस म्हणून लिहिलं, विसरू नकोस म्हणूनही लिहिलं. आम्ही चेरीवाले, आमच्याकडे बंदूक झाडाखाली असते, तिला रॉकेल काय आणि लोणी काय. रॉकेलचा वास किड्यांना मारतो हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. तिला वाटलं असेल, आजी सांगते म्हणजे बरोबरच.

तेव्हा तिचे पाय पांढरे नाहीत. आत्याबाईंना तसं सांगा. व्याहीबुवांनाही सांगा. दोष द्यायचा तर या म्हातारीला द्या, मी अंगणात येऊन उभी राहीन आणि काय बोलतील ते ऐकून घेईन. पोरीच्या हातचा चहा घ्या एवढंच मागते. तिला रात्रंदिवस वाटत असेल की आपण कुणीतरी अभद्र आहोत. ते तिच्या डोक्यातून काढा.

या पत्रात माझा जीव आहे असं समजा आणि लोभ तोडू नका.

तुमची,
होसियत


शहरीखान,
२४ मे १९८३

ती. आजीस नफीसाचा सलाम. वि. वि.

तुझं सतरा तारखेचं पत्र मिळालं. वाचलं आणि चुलीत घातलं, रागावू नकोस. त्यात रॉकेलचं होतं.

आजी, आता मला माहीत आहे. सासूबाईंनी काल मला मागच्या परसात नेलं आणि किडे रॉकेलच्या वासाने मेले ते सांगितलं. किडे मरायला लागले त्या पहिल्या दिवशीच त्यांनी माझे हात हुंगले होते. तेव्हाच त्यांनी ती चिंधी जाळली, बंदूक धान्याच्या कोठीत टाकली आणि मला खोलीबाहेर काढलं. मला वाटलं होतं त्या माझ्यावर चिडल्या. कोणाला सांगायचं नाही म्हणाल्या, अगदी बोतिरलासुद्धा नाही. त्यांनाही लग्नानंतर पांढऱ्या पायाची म्हणत, बरीच वर्षं म्हणत. त्यांचं म्हणणं, पायांचा दोष एका चांगल्या वसंतात धुऊन जातो, पुढच्या वर्षी कोश भरले की आत्याबाईच मिठाई वाटतील. थोडे किडे वाचलेत. मामंजी आज चहा प्यायले, माझ्याकडे न बघता, पण प्यायले.

तेव्हा तू काही लिहू नकोस. कोणालाच नाही. मी तग धरेन.

तुझी,
नफीसा


शहरीखान,
२ जून १९८३

ती. विहीणबाई होसियतबीबी यांस अंझिरतचा सलाम. वि. वि.

हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाई लिहून देताहेत. त्यांनी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं आहे. आता सांगून न सांगून सारखंच.

तुमचं पत्र माझ्या नावाचं होतं. पण माझे डोळे दोन वर्षांपूर्वी गेले. उजेड कळतो, माणूस कळतं, अक्षर कळत नाही. घरात आलेली पत्रं हे वाचतात. तुमचं आलं तेव्हा हे अंगणात तखतावर बसले होते, यांची बहीण शेजारी होती. व्याह्यांकडचं पत्र, सांत्वनाचं असेल, म्हणून मोठ्याने वाचायला लागले. मी चहा ओतत होते. रॉकेल शब्द आला तेव्हा मी थांबवायला हवं होतं. मी म्हटलंही, राहू द्या, नंतर वाचा. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

तुमच्यावर माझा राग नाही. आईने लेकराकडे धाव घ्यावी तशी तुम्ही घेतलीत. पण विहीणबाई, इथली रीत तुम्हाला माहीत नाही. पाय म्हटलं की लोक वर आभाळाकडे बघतात. हात म्हटलं की पोरीकडे बघतात. मी त्यांना आभाळाकडे बघायला लावलं होतं. यांचं म्हणणं, नशीब खोटं असतं तर मी सोसलं असतं, पण माझे किडे माझ्या सुनेने मारले आणि माझ्या बायकोने ते लपवलं. सभेत पुन्हा उभं राहावं लागलं, तिथे त्यांनी तसंच सांगितलं. घरी येऊन म्हणाले, पोरीला माहेरी परत पाठवा. मी पाया पडले. मुलगा येईपर्यंत थांबा म्हटलं. मुलाला पत्र त्याच दिवशी गेलं, त्यात काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही.

सगळं ऐकून पोरीने फक्त एवढं विचारलं की वाचलेल्या किड्यांना आता पाला कोण घालणार. मी म्हटलं, मी घालीन, चाचपून घालीन. आज सकाळी मी तिला बसमध्ये बसवलं. पेटी वर टाकली. सुझनी मी ठेवून घेतल्या नाहीत, सगळ्या दिल्या. हे पत्र पोचायच्या आधी ती पोचलेली असेल. तिला काही विचारू नका आणि तुमची चूक होती असं दर दोन घटकांनी सांगूही नका, ते तिने आधीच तुम्हाला माफ केलं आहे. दोन दिवस नुसतं झोपू द्या. इथे ती झोपलेली नाही.

बोतिर आला तर मी त्याला तुमच्या दारात पाठवीन. तो येईल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही.

माझा लोभ होता आणि आहे. पण यापुढे पत्र पाठवू नका. वाचणारे डोळे माझे नाहीत.

तुमची,
अंझिरत