गुरुवारी तू ‘हो’ म्हणालास

मंगफ, कुवेत
शनिवार

प्रिय दादा,

आधीच सांगते, आम्ही सगळे सुखरूप आहोत. घाबरू नकोस आणि पत्र अर्धं वाचून खाली ठेवू नकोस. गुरुवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस. काल वहिनीला केला तर ती दबक्या आवाजात म्हणाली, “समोरच बसलेत गं, पण मान हलवतात. तुमचा विषय काढला तरी उठून जातात.” मग म्हटलं, कागदच बरा. नीलेशच्या प्लांटमधले तुळशीदास पाटील उद्या नाशिकला सुट्टीवर चाललेत, ते तिथून भुसावळला पाठवतील. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू उघडलंच नसतंस. माझं अक्षर दिसल्यावर तरी उघडशील.

बाहेर सकाळपासून धुळीचं वादळ आहे. समोरची इमारत पिवळ्या पडद्याआड गेली आहे, खिडक्या बंद करूनही जिभेवर माती येते. प्रज्वल त्याच्या खोलीत झोपला आहे. त्याच्याबद्दलच सांगायचंय. पण मागून सुरू करावं लागेल, कारण काही गोष्टी मी तुला कधी बोललेच नाही.

तो दहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. शाळेत फिलिपिनो आणि अमेरिकन मुलं बेसबॉल खेळायची, त्यांच्यात हाही जाऊ लागला होता. मला वाटलं, आठ दिवसांचं खूळ असेल. एकदा संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली गाड्या लावतात तिथे भिंतीवर काहीतरी आदळत होतं, आणि आमचा इजिप्शियन हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, अरबीत ओरडत होता. मी वाकून पाहिलं. खाली तू होतास, दादा. टोपी पुढून खाली ओढायची, डावा गुडघा छातीशी घ्यायचा, क्षणभर तसंच थांबायचं, जीभ दातांत धरायची आणि मग सबंध अंग चेंडूमागे फेकायचं. त्याने तुला चेंडू टाकताना कधी पाहिलेलं नाही. तो जन्मला तोवर तुझं सगळं संपलेलंच होतं. त्याला कोणी शिकवलं? माझ्या हातातले कपडे खाली पडले. हारिसला वाटलं, मी पोराला ओरडायला आले आहे, म्हणून तोही माझ्या बाजूने जोरात ओरडायला लागला.

त्या रात्री मला आपल्या रेल्वे क्वार्टरच्या मागचं अंगण आठवत राहिलं. आप्पांची जुनी चामडी बॅग मोच्याकडे देऊन तू माझ्यासाठी ग्लव्ह शिवून आणला होतास, कारण तुझे चेंडू झेलायला कोणी तयार नव्हतं. मी फ्रॉक गुडघ्यांत खोचून उकिडवी बसायचे. “डोळे मिटू नकोस, सुजे, चेंडू तुला शोधत येतो,” असं तू म्हणायचास. आणि यायचाही. तळवा सुजायचा, आई हळद लावायची, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसायचे. अख्ख्या जगात तुझा चेंडू किती वेगात येतो हे फक्त मला ठाऊक आहे, असं मला वाटायचं.

प्रज्वलचं सगळं तुझ्यासारखंच झालं, दुखण्यांसकट. तेराव्या वर्षी कोपराच्या वाढत्या हाडाला सूज आली, एक अख्खा हिवाळा त्याने चेंडू हातात घेतला नाही. परत आला आणि पहिल्याच स्पर्धेत त्याच्यासमोर कोणी टिकेना. त्यांचे कोच रोडेल दिवसभर एसी दुरुस्त करतात आणि शुक्रवारी मुलांना शिकवतात. ते मला म्हणाले, “मॅडम, असा हात मी मनिलातसुद्धा क्वचित पाहिला.” मी पेढे वाटले आणि पुढच्याच महिन्यात त्याचा खांदा गेला. मग बोट मोडलं, मग मांडीचा स्नायू. दरवेळी तो परत यायचा आणि पहिल्यापेक्षा जोरात टाकायचा. त्याचे मित्र त्याला ‘ग्लास’ म्हणायला लागले. तो हसायचा. मला हसू यायचं नाही. तो मैदानात उतरला की मी गाडीतच बसायचे, काचा वर करून. नीलेशला सांगायचे, ऊन सोसत नाही. खरं म्हणजे मला तो आवाज ऐकायचा नव्हता.

कोणता आवाज, ते तुला माहीत आहे. अमरावतीची आंतरविद्यापीठ बेसबॉल फायनल. तुझ्या कोपराला आधीपासूनच लागलं होतं. सकाळी कोणीतरी इंजेक्शन देणारा माणूस आणला आणि आप्पा बाहेर पाठ करून उभे राहिले. ही मॅच जिंकली की खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेची नोकरी नक्की, असं सगळे म्हणत होते. शेवटच्या डावात तू चेंडू टाकलास आणि दोरीजवळ बसलेल्या मला तो आवाज आला. ओलं कापड झटकलं की येतो ना, तसा. माझ्या शेजारच्या कोणालाच ऐकू आला नाही. तुझा चेहरा पांढरा पडला. तू टोपी खाली ओढलीस आणि पुन्हा टाकलास. मग पुन्हा. तो समोरचा शेवटचा खेळाडू बाद होईपर्यंत तू टाकत राहिलास. पोरांनी तुला खांद्यावर घेतलं तेव्हा तुझा उजवा हात नुसता लोंबत होता, आणि तू हसत होतास. ते हसू मला कधी कळलं नाही, दादा. त्या दिवसापासून मी धुतलेलं कापड झटकत नाही. तसंच वाळत घालते. नीलेश म्हणतो, सुरकुत्या पडतात. पडू देत.

पुढचं तर तूच जगलास. रेल्वेच्या चाचणीत तुझा हात खांद्यापर्यंतही गेला नाही. मग शाळेतली प्रयोगशाळा सहायकाची नोकरी, तीच आजपर्यंत. माझ्या लग्नात तू डाव्या हाताने अक्षता टाकल्यास आणि नीलेशकडची एक बाई कुजबुजली. मला अंतरपाटाआडूनही ते ऐकू आलं. आपल्या घरात त्या मॅचबद्दल कोणी बोललं नाही. आप्पा गेले तेव्हाही नाही. करंडक कपाटाच्या मागे गेला आणि आपण सगळे त्याला वळसा घालून वागायला शिकलो.

आता या महिन्याचं. आखाती देशांतल्या मुलांची स्पर्धा यंदा कुवेतमध्ये होती आणि प्रज्वलचा संघ फायनलला पोहोचला. अमेरिकेतल्या एका कॉलेजचे प्रशिक्षक खास त्याला बघायला येणार होते. तुला कल्पना नसेल याचा अर्थ काय ते. हा पोरगा इथे जन्मला, पण हा देश त्याचा नाही. आमच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, तो इथे राहतो, आणि तेही आणखी थोडीच वर्षं. भारतात तो सुट्टीपुरता आला. त्याला कुठे जायचं विचारलं की गप्प बसायचा. चेंडू हातात आला की मात्र त्याला ठाऊक असायचं. फायनलच्या आधीच्या आठवड्यात त्याने डाव्या हाताने जेवायला सुरुवात केली आणि मी घास हातातच धरून बसले. “इट्स जस्ट टाइट, आई,” म्हणाला. मी त्याला तशीच सलव्याला डॉक्टर नूरजहाँकडे घेऊन गेले. हैदराबादच्या आहेत, त्याला लहानपणापासून बघतात. कोपराचा स्कॅन बघून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बेटा, रस्सी के आधे धागे टूट चुके हैं. अब खींचोगे तो बाकी भी जाएँगे.” निदान चार महिने आराम.

संघाच्या ओळखीतल्या एकाने इंजेक्शनची गोष्ट काढली. एका दिवसापुरतं दुखणार नाही म्हणाला. शब्दही तेच, दादा. मला वाटलं, तो माणूस इतकी वर्षं चालत चालत अमरावतीहून इथवर आला आहे. रोडेलसर म्हणाले, मी घे म्हणणार नाही, पण अडवणारही नाही. नीलेश म्हणाला, “अठराचा झालाय, त्याचं त्याला ठरवू दे.” मी रडले, ओरडले, तुझं नाव घेतलं. म्हटलं, मामाकडे बघ. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आई, तू नेहमी मामाचा हात दाखवतेस. पण यू नेव्हर आस्क्ड हिम. त्याला विचार, त्याने परत केलं असतं का? तो नाही म्हणाला तर मी नाही खेळणार.”

म्हणून मी गुरुवारी दुपारी फोन केला. माझी खात्री होती, तू ‘नाही’ म्हणशील. म्हणूनच इतक्या धीराने केला. मी सगळं सांगितलं, विचारलं. मागे शाळेची घंटा झाली, पोरांचा गलका आला आणि गेला. मग तू म्हणालास, “हो.” मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तू म्हणालास, “हो, सुजे. उद्या बोलावलं तरी जाईन. रोज जातोच.” आणि फोन ठेवलास.

मी गॅसजवळ उभी राहिले. भाजी लागल्याचा वास आला तेव्हा भान आलं. प्रज्वल दारात होता. खोटं बोलता आलं असतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याने मामाला विचारलं होतं, मला नाही. मी तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. नीलेश चिडला, “काय गरज होती सांगायची?” प्रज्वलने मात्र विचारलं, “मामा आता किती वर्षांचा आहे?” मी म्हटलं, चोपन्न. “आणि तो रोज जातो?” मी मान हलवली. तो खुर्चीत बसला. स्वतःचं कोपर धरून बराच वेळ बसला. तुझ्या ‘नाही’ची त्याला भीती वाटली नसती, दादा. ‘नाही’ म्हणणारे त्याच्या आजूबाजूला खूप होते, तो त्यांना हरवून आला असता. तुझा ‘हो’ ऐकून तो घाबरला. म्हणाला, “तो अजून तिथेच आहे, आई. मला घरी यायचंय.” असं सबंध मराठीत त्याने मनातलं कधी बोललेलं मला आठवत नाही. मग उठून त्याने रोडेलसरांना फोन लावला.

काल फायनल झाली. प्रज्वलने एकही चेंडू टाकला नाही. हात गळ्यातल्या पट्टीत अडकवून बाकावर बसला होता आणि त्याच्या जागी सोळा वर्षांचा एक पोरगा टाकत होता. आम्ही हरलो, थोडक्यात. ते अमेरिकेतले प्रशिक्षक प्रज्वलशी डावा हात मिळवून म्हणाले, बरा झालास की कळव. तसं सगळेच म्हणतात. परत येताना फहाहीलच्या सिग्नलपाशी तो एकदम रडायला लागला. मोठ्याने, लहान असताना रडायचा तसा. मी काचा वर केल्या नाहीत. शेजारच्या गाडीतली माणसं बघत होती, बघू दिलं. पुढे काय होईल मला माहीत नाही. बी.कॉम. करेल, पुण्याला जाईल, की परत खेळेल. हात शाबूत आहे. एवढं आज नक्की सांगता येतं.

आता पत्र का लिहिलं ते. वहिनी म्हणाली, काल तू दिवसभर काही खाल्लं नाहीस, आणि फोन वाजला की उठून आत जातोस. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुला वाटतंय, तुझ्या एका शब्दावर भाच्याने हात मोडून घेतला. तू निकाल ऐकायला घाबरतोयस. दादा, तो तुझ्याचमुळे वाचला. तू खरं बोललास म्हणून. तू मोठ्या माणसासारखं खोटं ‘नाही’ म्हणाला असतास, तर मला वाटतं, काल तो खेळला असता. आणि आणखी एक. झोपायच्या आधी त्याने मला विचारलं, मामाची ती मॅच नेमकी कशी झाली? मी सांगायला तोंड उघडलं आणि मला कळलं की मला फक्त एक आवाज माहीत आहे. बाकी सगळं तुझ्याजवळ आहे. इतकी वर्षं तू रोज तिथे गेलास आणि घरातलं कोणी तुझ्याबरोबर आलं नाही. पत्र तुला मिळेल अशा बेताने, पुढच्या सोमवारपासून प्रज्वल तुला संध्याकाळी फोन करणार आहे. मीही शेजारी बसेन. उचल. पहिल्या चेंडूपासून सांग, आम्हाला घाई नाही.

तुझा चेंडू डोळे न मिटता झेलणारी,
तुझीच,
सुजा