पतीचे नाव बोला

मंगळवार, संध्याकाळ. धनज.

अ‍ॅप डिझाइनच्या कोर्समंदी या आठवड्यात फॉर्मचे नमुने शिकून राह्यलो. कोरी चौकट, बाजूले माइक, खाली चूक सांगणारी लाल ओळ. बाबा गेल्यावर आईनं पेन्शनचा फॉर्म भरला होता, तसाच सरावाले बनवला अन् तपासायले तिच्याच हाती फोन दिला. तिले टाइप करता येत नाही, म्हणून तर माइक ठेवला.

'पतीचे नाव बोला' इथं आई थांबली.

"तूच लिही नं," म्हणे.

"तुलेच करा लागते, आई. बोल नं, काहून थांबली?" मी खेकसलोच. कायले खेकसलो?

लग्नातला उखाणा सोडला तर तिनं बाबाचं नाव कधी घेतलं नाही. कोणी विचारलं की मलेच पुढं करे. मले हे माहीत नव्हतं काय? तरी चौकट वगळायची सोय ठेवली नाही.

तिनं पदर डोक्यावर ओढला, फोन तोंडाजवळ नेला अन् हळूच बाबाचं नाव घेतलं. तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

लगेच लाल ओळ आली. मीच लिहिलेली.

'ऐकू आले नाही. मोठ्याने बोला.'