तेवढी हाळी माझी

आबा,

हितनंच पाया पडते. ऋतुजा हे वाचून दाखवंल. मी बरी हाय, येळंवर जेवते. रस्त्यात लोक वळखत्यात, फोटू काढत्यात. तुमच्या डोळ्यांत थेंब कोण घालतंय?

शुक्रवारी माझा पिच्चर सोलापूरला लागतोय. दिसत न्हाय तरी तुमी माळशिरसवरनं एसटीनं ऐकायला जाणार, ठाव हाय मला. म्हणून लिहिते. फोनवर सांगायला जीभ रेटंना. माझं बोलणं गावंढळ वाटतं म्हणून पिच्चरवाल्यांनी सगळा आवाज दुसऱ्या पोरीचा घातलाय. तोंड तेवढं माझं.

माळावर तुमी शिकवलेली मेंढरांची हाळी मात्र तिला जमली न्हाय. ती माझीच ठेवलीय. पार शेवटाकडं, एकदाच येती. तवर उठू नका.

तुमची,
मुक्ता