तीन किलो सारण आणि अप्पांचं वजन

ती. ताईंस,

तुमच्या शिंपी मेव्हण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला थोडं पीठ आहे. कागदाच्या कोपऱ्यावर आढळल्यास झटकून टाकावं, मजकुराशी त्याचा संबंध नाही.) तुमची तब्येत ठणठणीत असणारच, बिघडायची तिची हिंमत नाही. साडूभाऊंचा गुडघा कसा आहे? त्यांना सांगावं की नव्या पँटचा डावा पाय मी मुद्दाम सैल ठेवला आहे, आत गुडघ्याचा पट्टा सहज मावेल. तुमच्या बागेची, स्वयंपाकीणबाईंची आणि जेवणघराच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाची खुशाली कळवावी. इकडे आम्ही तिघं मजेत आहोत. आणि आता ती बातमी, जी खरं म्हणजे नमस्काराच्याही आधी लिहायची होती पण रीत म्हणून एवढा वेळ दाबून धरली: अप्पांचं वजन आज सकाळी चोपन्न किलो दोनशे ग्रॅम भरलं.

ही ओळ पुन्हा एकदा वाचावी. मी लिहून झाल्यावर तीनदा वाचली. एक तारखेला तुम्ही आलात, पिशवीतून वजनकाटा काढून दिवाणखान्याच्या मध्यावर मांडलात आणि अप्पांना नुसत्या शर्टावर त्यावर उभं केलंत, तेव्हा काटा बावन्नावर थांबला होता. तीस वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलेल्या बाईंपुढे काटाही वर सरकायला धजला नसावा. तुम्ही तिथल्या तिथे निकाल दिलात की पंधरा तारखेपर्यंत चोपन्न झालं नाही, तर सोळाला गाडी घेऊन येणार आणि वडिलांना कायमचं घेऊन जाणार. माझी बायको म्हणजे तुमची धाकटी बहीण माझ्याकडे बघायला लागली, मी काट्याकडे, आणि अप्पा नुसतं “बरं” म्हणाले. आता त्या “बरं”मध्ये जायचंय की राहायचंय, हे माझ्यासारख्याला काय कळणार? त्या दिवशी मला काही म्हणजे काही सुचलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. सांगायला संकोच वाटतो ताई, पण अप्पा दुकानात समोरच्या खुर्चीवर नसले तर मला मशीनवर बसवणार नाही. दिवसभरात आमचं चार वाक्यांपलीकडे बोलणं होत नाही, पण ती चार वाक्यं मला लागतात.

तर प्रश्न दुपारच्या जेवणाचा होता. ही सकाळी सातला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत जाते आणि दिवसभर लोकांना सुया टोचून सहाला परत येते. म्हणजे दुपारचं ताट माझ्याकडे. आणि अप्पांचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. सासूबाई गेल्यापासून त्यांनी एकच हेका धरलाय, ताटाकडे बघायचं, “कालचंच आहे” म्हणायचं आणि ताट दोन बोटांनी पुढे सरकवायचं. बरं, दुकानात शाळांच्या गणवेशांचा हा ढीग. रोज नवीन काहीतरी रांधायला बसलो तर अर्धी शाळा उघडी फिरेल. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि समोर टेबलावर पाककृती पडली होती. म्हणजे पडली होती ती बाही. मी बाह्यांचे कागदी नमुने जुन्या मासिकांच्या पानांतून कापतो. त्या बाहीच्या पाठीमागे छापलं होतं, “एक सारण, अनेक पदार्थ: उकडलेल्या चिकनचे तंतू काढून...” आणि पुढचा मजकूर खांद्याच्या गोलाईत कापला गेला होता.

मी बाकीच्या पानाचा शोध घेतला. एक तुकडा कॉलर होऊन कुठेतरी गेला होता, दुसऱ्याचा पत्ता नाही. उरलेल्या बाहीवर कांदा, लसूण, मिरपूड, थोडं लोणी, लिंबू आणि टोमॅटो एवढं शाबूत होतं, आणि एका ओळीत नुसतं “किलो चिकन”. किती किलो, तो आकडा बरोबर काखेत गेलेला. मी मापाचा माणूस आहे, अंदाजाने चालत नाही. पण माप अपुरं पडण्यापेक्षा जास्त बरं हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, कारण जास्तीचं आत दुमडता येतं. म्हणून तीन किलो धरलं. (नंतर हिने सांगितलं की घरात तीन माणसं असताना अर्धा किलो पुष्कळ झालं असतं. हे तिने कढई, पातेलं आणि कपडे भिजवायचं घमेलं अशी तिन्ही भांडी भरलेली बघून सांगितलं. घमेलं नवीन होतं, काळजी नसावी.)

आणि ताई, काय ते काम! पातेल्यात चिकन मऊ उकडलं, निववलं आणि दोन काटे घेऊन त्याचे धागे सोडवायला बसलो, तर माझी समाधीच लागली. अहो, हे तर उसवणं आहे. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचं शिवलेलं उसवत आलोय, कुठल्या बाजूने ओढलं की शिवण सरळ निघते हे बोटांना आपोआप कळतं. इतके बारीक, इतके एकसारखे धागे निघाले की ते बॉबिनवर गुंडाळावेसे वाटले. मग कांदा-लसूण परतून, टोमॅटो आटवून त्यात हे सगळं कोरडं होईस्तोवर हलवलं. घरात डबे पुरेनात, म्हणून दुकानातले रिकामे डबे धुऊन आणले आणि भरून बर्फाच्या कप्प्यात रचले. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या. परवा हिने “हुक, मोठे” असा डबा उघडून किंकाळी फोडली, पण ते तेवढ्यापुरतंच होतं.

पहिल्या दिवशी सारण पावात घातलं. तवा घमेल्याखाली अडकला होता आणि अप्पांची जेवायची वेळ झाली होती, तेव्हा पाव बेतायच्या कागदात गुंडाळून सरळ इस्त्रीखाली दाबला. हे तुम्ही करून बघाच. इस्त्री “सुती”वर ठेवली तर पाव दोन्हीकडून कुरकुरीत होतो, “रेशमी”वर ठेवली तर नुसता हिरमुसतो. अप्पांनी ताटाकडे बघितलं, “कालचं” म्हणायला तोंड उघडलं, आणि काल असं काही नव्हतंच हे लक्षात आल्यावर त्याच उघड्या तोंडात घास घातला. एक गोष्ट मात्र माझ्या अंगाशी आली. पुढचा कपडा म्हणून मी मुख्याध्यापिकाबाईंचा फिकट निळा स्कर्ट त्याच इस्त्रीने केला. त्या तो घालून शाळेच्या सभेला गेल्या, आणि म्हणे सभेत ज्याला त्याला भूक लागली, दोन तासांची सभा चाळीस मिनिटांत आटोपली. बाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या तेव्हा मी माफी मागायला उभाच होतो. त्यांनी विचारलं की पुढच्या सभेच्या आधी जाकीटही तसंच करून मिळेल का.

दुसऱ्या दिवशी ऑम्लेट. सारण आत, घडी वर, कडा नीट जुळवलेल्या, कुठून दुमडलंय ते शोधून सापडू नये. मी खुशीत होतो. अप्पांनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं (स्वतःचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून आठ वर्षं झाली, पण घड्याळजीचं भिंग आणि चिमटा अजून त्यांच्या खिशात असतो), ऑम्लेटची कड चिमट्याने अलगद उचलली आणि आत बघत राहिले. मग म्हणाले, “जावईबापू, मशीन कालचंच आहे. फक्त केस बदलली.” (घड्याळजींच्या भाषेत केस म्हणजे घड्याळाची वरची डबी.)

बारा दिवस उरलेले, अडीच किलो सारण शिल्लक, आणि सगळं बिंग दुसऱ्याच दिवशी फुटलेलं. मी ताट उचलायला हात पुढे केला, तर अप्पांनी ताट आपल्याकडे ओढलं. पुढे नाही सरकवलं, ओढलं. एक कण ठेवला नाही. ताट घासून ठेवता ठेवता मला उलगडा होत गेला की त्यांना मशीनचं वावडं नाही, केस बघायची उत्सुकता आहे. जन्मभर लोकांनी आणून दिलेली घड्याळं उघडण्यात गेली, आता कोणी उघडायला काही देतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच त्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, “आज कशात?” ताई, त्यांनी जेवणाबद्दल आपणहून प्रश्न विचारला, तो मी आजवर ऐकलेला पहिला.

मग मी सुटलोच. बटाटा कुस्करून त्याच्या पोटात सारण घालून तळलं. टोमॅटो पोखरून भरले. उरलेल्या भातात मिसळून वर चीज किसून भाजलं, तेव्हा अप्पांना दोन घास काही ओळखूच आलं नाही आणि मी दुकानात जाऊन एकटाच हसलो. सातव्या दिवशी मात्र अतिशहाणपणा नडला. पातळ लाटलेल्या पिठाचे चौकोन कापून पाकिटं करायची ठरवली. कडा पाण्याने चिकटेनात, तव्यावर तोंड उघडायला लागल्या. आता कड उघडते म्हटल्यावर शिंपी काय करणार? पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. आठही पाकिटांना, एकसारखे, पाव इंचावर. भाजल्यावर टाके काढून टाकायचे हे ठरलेलं होतं. पण तेवढ्यात वकीलसाहेब कोट न्यायला आले, आणि मी वर येऊन बघतो तो अप्पांच्या तोंडातून हातभर दोरा बाहेर आलेला, आणि ते तो चिमट्याने शांतपणे, न तोडता, ओढून काढताहेत. पूर्ण निघाल्यावर तो बशीच्या कडेला गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, “टाका सरळ आहे.” मग दुसरं पाकीट घेतलं. ते मात्र आधी उसवून खाल्लं.

आठव्या दिवसापासून ते स्वतःच कामाला लागले. ढोबळ्या मिरच्या मी पोखरायच्या आणि अप्पांनी चिमट्याने भरायच्या, भिंग लावून, एकेक धागा जागेवर. चार मिरच्यांना सव्वा तास लागला, पण त्या मिरच्या मनगटावर बांधल्या असत्या तरी शोभल्या असत्या. परवा तर ते मलाच म्हणाले, पातळ रश्शात सोडून बघू, केसच नको, नुसतं मशीन तरंगू दे. आम्ही वाटीवर वाटी प्यालो. ही म्हणते, घरात दोन पोरं वाढताहेत असं वाटतं. आणि आज सकाळी पंधरा तारखेला, हिला साक्षीला ठेवून, तुमच्याच काट्यावर, तुम्ही आखून दिलेल्या जागेवर, चोपन्न किलो दोनशे. दोनशे ग्रॅम तुमच्या मागणीपेक्षा वरच आहेत, ते तुमच्याकडे जमा समजावेत. तेव्हा उद्या गाडी काढायचं कारण उरलेलं नाही; हे वेळेवर कळावं म्हणून पत्र आजच माणसाच्या हाती पाठवतोय. साडूभाऊंना नमस्कार, बागेला पाणी, आणि तुम्हाला पुन्हा एकदा तोच पिठाचा नमस्कार.

तुमचा,
शिंपी मेव्हणा

ता. क. खरं सांगायचं तर अप्पांनी वजन करताना नवा कोट घातला होता. मीच शिवलाय, आठवडाभरापूर्वी. त्यांना सकाळी थंडी वाजत होती म्हणाले. शिवून झाल्यावर कोट सहाशे ग्रॅमचा भरला होता. म्हणजे त्रेपन्न किलो सहाशे. चारशे ग्रॅमसाठी कोणी गाडी काढत नाही, असं आपलं मला वाटतं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवून झालं होतं, इस्त्रीच्या वाफेवर पुन्हा उघडलंय. कोटाचं एक बटण सरकवायला म्हणून कोट घेतला तर तो अजून जड लागला. आतल्या दोन्ही खिशांत माझी कापड दाबून ठेवायची लोखंडी वजनं निघाली, सहाशे-सहाशे ग्रॅमची. म्हणजे अप्पा आज बावन्न किलो चारशे आहेत. मी ती ठेवली नव्हती, हिनेही नाही. अप्पांसमोर वजनं धरली, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “वजन वाढवा म्हणाली होती. कसं, ते नव्हती म्हणाली.” ताई, हे पत्र तसंच पाठवून देता आलं असतं, पण तुम्हाला फसवून त्यांना ठेवून घेणं माझ्याच्याने होईना. पंधरा दिवस मी घाबरत होतो की त्यांना इथे ठेवायचं माझ्या एकट्याच्याच मनात आहे. आता हे लोखंड हातात धरून बसलोय आणि डोळ्यांना नीट दिसत नाहीये. चारशे ग्रॅम खरे आहेत, तेवढ्यावर त्यांना राहू द्या. उद्या गाडी आणायचीच असेल तर जेवायला आणा, अजून “चेन, सात इंची” हा डबा भरलेला आहे.

ता. क. तिसरा. (यापुढचं अक्षर माझं नाही. अप्पांनी पत्र मागितलंय आणि मला खाली दुकानात जायला सांगितलंय.)

बाळ, मेव्हण्यावर रागावू नकोस, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. जन्मभर लोकांची घड्याळं खरी चालावीत म्हणून खपलो, आणि या वयात एक गोष्ट खोटी दाखवली. मला इथे राहायचं आहे. हे तोंडाने सांगायला जमेना, म्हणून खिशात घातलं.

अप्पा